गाठीवर एक मिनिट: पाठ दाबायची आकडी कशी घडते

दिवाळीच्या आसपास सकाळी परभणीहून जिंतूरकडं निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची रानं लागतात, आणि त्यात वेचणीला आलेल्या बाया. कमरेला झोळी, मान खाली, दोन्ही हात बोंडांवर. हात झरझर चालतात, पण खांदे बघा. ते कानांकडं चढलेले असतात आणि दुपारच्या भाकरीपर्यंत खाली येत नाहीत. संध्याकाळी त्यातलीच एखादी ओट्यावर टेकते, उजव्या हातानं डावा खांदा धरते आणि म्हणते, "हितं गाठ बसली गं माय, लई दुखायलंय."

माझी आई हे वाक्य तीस वर्षं म्हणत आली. लहानपणी आम्ही भावंडं आळीपाळीनं तिची पाठ तुडवायचो. मोठे झालो, वजनं वाढली, शिक्षणासाठी बाहेर पडलो, आणि पाठ तुडवायला घरात कुणी उरलं नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की आईला एकटीला, कुणाला हाक न मारता, स्वतःच्या पाठीतली गाठ दाबता येईल अशी वस्तू करायची. बाजारात रबरी गोळे मिळतात, प्लास्टिकच्या आकड्या, म्हणजे टोकाला वळलेल्या दांड्या, मिळतात, बॅटरीवर धडधडणाऱ्या मसाज गन मिळतात. सगळं हाताळून पाहिलं. करता करता एक गोष्ट उमगली, आणि पुढचं प्रत्येक माप तिच्यावरून ठरत गेलं: गाठ सुटते ती वेळानं. जोर त्यात थोडाच लागतो, पण तो थोडा जोर एकाच जागी मिनिटभर न हलता ठेवावा लागतो. दमलेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही.

सोडायलाही बळ लागतं

खांद्यात बोटाला जी गाठ लागते ती दोऱ्याला बसते तशी गाठ नव्हे. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. एकेका तंतूत टोकाला टोक लावून हजारो सूक्ष्म कप्पे असतात. एक कप्पा साधारण 2 ते 3 मायक्रॉन लांब, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे 25-30 कप्पे मावतील. प्रत्येक कप्प्यात दोन तऱ्हेचे धागे समोरासमोर असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवा. तसे ते धागे एकमेकांत सरकले की कप्पा आखूड होतो. असे हजारो कप्पे एकदम आखूड झाले की स्नायू आवळतो आणि हात उचलला जातो.

इथवर आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढची गोष्ट मला चाळिशीत कळली आणि मी चकित झालो. या धाग्यांना एकमेकांना सोडायलाही शक्ती लागते. आवळायला लागते हे सहज पटतं, पण सोडायला? मेलेलं जनावर ज्यांनी पाहिलंय त्यांना पटेल. बैल गेला की काही तासांत त्याचे पाय लाकडासारखे ताठतात. शरीराला शक्ती पुरवणारं एटीपी नावाचं रसायन संपलेलं असतं, म्हणून धागे जिथं अडकले तिथंच राहतात.

आता वेचणीतला खांदा घ्या. जोर हलका, पण अखंड. आवळलेला स्नायू आपल्याच पोटातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी येतं, म्हणून प्राणवायू कमी, म्हणून एटीपी कमी, म्हणून धागे सुटत नाहीत, म्हणून रक्तवाहिन्या दबलेल्याच राहतात. जायकवाडीच्या कालव्यावर टेलला ज्यांची जमीन आहे त्यांना हे फार सांगायला नको. वर कुणी दार दाबून धरलं की खालचं रान कोरडं पडतं. फरक एवढाच की इथं दार दाबून धरणारा स्वतःच तहानलेला असतो, आणि पाणी मिळाल्याशिवाय त्याचा हात दारावरून निघत नाही.

वैद्यकात या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या दुखण्याचा अनेक दशकं अभ्यास केला. केनेडींच्या पाठीवर त्या आधीपासून उपचार करत होत्या, आणि 1961 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्ची त्यांनीच सुचवलेली. पण आकडी करणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं ते त्याही आधीचं काम. 1938 मध्ये लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी माणसांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचून, कुठं टोचलं की कुठं दुखतं ते नोंदवून ठेवलं. दुखणं टोचलेल्या जागेपासून बरंच दूर उमटत होतं.

आईचं हेच होतं. तिची कानशिलं ठणकायची, ती बाम लावायची, आणि गाठ मात्र खांद्याच्या वरच्या कडेला मानेजवळ होती. तिथं दाबलं की कानशिलापर्यंत कळ जायची. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणणाऱ्यांची गाठ पुष्कळदा मागं, फऱ्यावर म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडावर असते. कुल्ल्यातली गाठ पायात अशी उतरते की माणसाला वाटतं सायटिका झाला. म्हणून हे हत्यार नुसतं दाबणारं असून भागत नाही, त्यानं शोधताही आलं पाहिजे. टोकाखाली काय लागतंय ते दांड्यातून हाताला कळलं पाहिजे.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. एटीपीच्या दुष्टचक्राचं हे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त मांडलं जातं, पण ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही. गाठ एक्स-रेत दिसत नाही, आणि दोन अनुभवी तपासणाऱ्यांची बोटं नेहमी एकाच जागी पडतात असंही नाही. दाबल्यानं बरं वाटतं त्यात रक्तप्रवाहाचा वाटा किती आणि मज्जासंस्थेनं दुखण्याचा आवाज कमी करण्याचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. "गाठ फोडून देतो" म्हणून कोपरानं रगडणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. फुटण्यासारखं तिथं काही नसतं. जोरात रगडलं की स्नायू घाबरून आणखी आवळतो आणि दुसऱ्या दिवशी कातडी काळीनिळी दिसते.

दाबायची रीत तशी साधी आहे. गाठ सापडली की हळूहळू जोर वाढवायचा. दहापैकी पाच-सहा इतकं दुखू लागलं, म्हणजे दुखतंय पण श्वास अडत नाही, तिथं थांबायचं. 30 ते 90 सेकंद. दुखणं आपोआप दोन-तीनवर उतरतं, टोकाखालचं मांस थोडं मऊ पडल्यासारखं वाटतं. मग हळू सोडायचं, मान दुसऱ्या बाजूला कलती करून ताण द्यायचा, वाटलं तर शेक. मसाज गनचं माझ्याशी जमलं नाही ते यामुळंच. ती सेकंदाला वीस-तीस ठोके देते आणि प्रत्येक ठोक्यानंतर मागं येते. मला थांबणारं काहीतरी हवं होतं.

वजनकाट्यावर अंगठा

सुरुवात स्वयंपाकघरातल्या काट्यापासून केली. दहा किलोपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हटलं, "आई, अंगठ्यानं दाब, अडीच किलोवर आकडा धरून ठेव." तिनं दाबलं. 2.4, 2.6, 2.5. दहा सेकंद छान गेली. मग आकडा थरथरू लागला, अंगठ्याचं नख पांढरं पडलं, पेराचा सांधा मागं वाकला. पंचवीसाव्या सेकंदाला आकडा 1.3 वर आला होता आणि ती म्हणाली, "बाबू, बस कर, मनगटात कळ यायलीय." आणि हे समोर ठेवलेल्या काट्यावर. स्वतःच्याच खांद्यामागं हात वळवून तर तेवढंही जमत नाही.

अंगठा असा का हरतो, त्याला कारण आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ खोगिरासारखा एक सांधा असतो. चिमटीच्या टोकाला 1 किलो जोर लावला तर त्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो. हाडांची लांबी आणि स्नायूंची जागा यांच्या गणितानं तो वाढतो. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या सांध्याची झीज फार दिसते, आणि ज्यांनी आयुष्यभर बोंडातून कापूस ओढला, भाकरी थापल्या, खुरपं धरलं, त्यांना तिथं पुन्हा चिमटीचंच काम सांगणं हा अन्याय आहे. म्हणून पहिला नियम ठरला: या वस्तूला चिमटीनं धरायचं नाही, मुठीनंही आवळून धरायचं नाही. हात तिच्यावर नुसता लोंबला पाहिजे.

पहारीखालचा दगड

आमच्याकडं चिंचा, आंबे, शेवग्याच्या शेंगा काढायला आकडी असते, टोकाला वळलेली लांब काठी. पाठीसाठी तीच कल्पना. काठी छातीसमोर उभी धरायची, वळलेला भाग खांद्यावरून मागं टाकायचा, आणि टोक खाली तोंड करून खांद्याच्या मांसावर टेकवायचं.

यात तरफ कशी लपलेली आहे ते बघा. वरचा हात छातीच्या उंचीवर दांडा धरतो. खालचा हात त्याच्या 40 सेंमी खाली. टोक वरच्या हातापासून आडव्या अंतरानं 20 सेंमी मागं. आता खालच्या हातानं दांडा पुढं सारला की मागचं टोक खाली दाबलं जातं, आणि अंतर दुप्पट म्हणून जोर निम्मा पुरतो: टोकाशी अडीच किलो हवेत तर खालच्या हाताला फक्त सव्वा किलो. वरचा हात म्हणजे पहारीखाली सारलेला दगड.

पण दगडाला भार सोसावा लागतो, हे तरफेचं गणित करताना माणूस विसरतो. टोक अडीच किलोनं खाली दाबतं म्हणजे खांदा तेवढ्याच जोरानं आकडीला वर ढकलतो, आणि वरच्या हाताला ती खाली धरून ठेवावी लागते. पहिल्या कागदी आराखड्यात मी हे धरलंच नव्हतं, आणि नमुना धरून बघितल्यावर आई म्हणाली की वरच्या हाताचा दंड दुखतो. उत्तर शेवटी हातातच सापडलं. माणसाचा एक अख्खा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, शरीराच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के भरतो. साठ किलोच्या बाईचा हात तीन किलोच्या आसपास. कोपर सैल सोडून तो दांड्यावर लोंबू दिला तर हवे तेवढे अडीच किलो बहुतेक फुकट मिळतात. फक्त हात लोंबेल असा आधार हवा. म्हणून दांड्याला त्या उंचीवर एक आडवी खुंटी बसवली, जात्याच्या खुंट्याएवढी. मनगट तिच्यावर अडकतं, बोटं उघडीच राहतात. सगळ्या वस्तूत मला सगळ्यात आवडलेला भाग कुठला विचाराल तर ही खुंटी.

दोन फऱ्यांच्या मधल्या गाठीला ही तरफ लागू पडत नाही. तिथं टोक पुढं तोंड करून लागतं आणि दोन्ही हातांनी दांडा सरळ पुढं ओढावा लागतो, किलोला किलो. त्या जागेसाठी मी आजही भिंतच सुचवतो. जुन्या पायमोज्यात टेनिस बॉल घालायचा, पाठ आणि भिंत यांच्यात तो धरायचा आणि पाय फूटभर पुढं ठेवून रेलायचं. पाय जितके पुढं तितका जोर जास्त. शरीराचं वजन वापरायची इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही. सीझन बॉल मात्र घेऊ नका, तो हाडावर आला की डोळ्यांत पाणी आणतो.

आकडीचा वळसा किती मोठा ठेवायचा ते ठरवायला मला बांधकामावरची 6 एमएमची सळई कामी आली. रिंगा वाकवणाऱ्या पोऱ्याकडून दीड मीटरचा तुकडा आणला, टोकाला चिंध्या गुंडाळल्या आणि आईच्या खांद्यावर वाकवत, सोडवत, पुन्हा वाकवत बसलो. कागदावर मी वळसा अर्धगोल काढला होता. अंगावर तो तसा बसत नव्हता, गळपट्टीच्या हाडाला घासत होता. पुढची बाजू जरा चौकोनी आणि मागची उतरती ठेवल्यावर सळई हाडाला न शिवता खांद्यावरून गेली. आतलं अंतर आईला 22 सेंमी लागलं.

सळईनं आणखी एक धडा दिला. ती लवचीक होती, आणि आईला ती पुढच्या ताठ लाकडी नमुन्यापेक्षा बरी वाटली. विचार केल्यावर कारण कळलं. वस्तू अगदी ताठ असेल तर हात दोन मिलिमीटर हलला तरी टोकाचा जोर एकदम चढतो किंवा उतरतो. श्वास घेतला तरी टोचतं. थोडी लवचीकता असेल तर हाताची थरथर तीच गिळून टाकते आणि गाठीवरचा जोर सारखा राहतो. म्हणून मी शेवटी दांडा ताठ आणि टोक रबरी ठेवलं. लवचीकता टोकाशीच ठेवली, कारण तिथं ती माफक राहते आणि आकडी डोलत नाही.

टोक

दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, हे आठवीचं सूत्र इथं थेट अंगाला लागतं. अडीच किलो जोर 1.5 सेंमी व्यासाच्या वर्तुळावर टेकवला तर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.4 किलो दाब पडतो. व्यास दुप्पट, म्हणजे 3 सेंमी, केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि दाब पावपट. तोच हात, तोच जोर, पण गाठीला काही कळतच नाही.

मग टोक आणखी बारीक का करू नये? कारण वाटेत कातडी आहे. कातडीत दुखणं सांगणाऱ्या नसा दाट असतात. टोक पेन्सिलीएवढं केलं की आधी कातडीच ओरडते, आणि तिच्या ओरडण्यात स्नायूचं दुखणं ऐकू येत नाही. आम्ही लेथवर 12, 18, 24 आणि 40 मिमी व्यासाचे लाकडी गोळे काढले. 12 मिमीनं आईच्या खांद्यावर निळा डाग पडला, तो आठवडाभर होता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. 24 मिमीचा गोल खांद्याला बसला. गोलाचा सगळा भाग टेकत नाही, मांसात जेवढा रुततो तेवढाच टेकतो, त्यामुळं प्रत्यक्षात तो अंगठ्याच्या पेराएवढी जागा घेतो. सध्याच्या आकडीत दोन टोकं आहेत. वळशाला 24 मिमीचं, आणि दांड्याच्या खालच्या अंगाला 40 मिमीचं, मांडी-पिंढरीसाठी.

रबर कुठलं? रबराचा कडकपणा शोअर नावाच्या मापात मोजतात. रबर बँड 20-30, खोडरबर 40 च्या आसपास, गाडीचं टायर 60 ते 70. मी टायर आणि खोडरबर यांच्या मधलं शोधत होतो आणि ते मेडिकल दुकानात मिळालं: म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली जी रबरी टोपी असते ती. तिची सपाट, खाचांची बाजू पॉलिश पेपरवर घासून गोल केली आणि लाकडी गोळ्यावर चढवली. झिजली की काही रुपयांत नवी.

तेलाबद्दल एक शब्द. आपली सवय आधी तेल लावायची. काशाच्या वाटीनं तळपाय घासायला तेल हवंच, कारण तिथं घासणं हेच काम आहे. इथं टोक एका जागी थांबायला हवं, आणि तेल लावलं की ते गाठीवरून घसरून शेजारच्या हाडावर जातं. सुती पोलक्यावरून किंवा टॉवेलवरून कोरडंच दाबा. तेल नंतर चोळा.

वाकडं कापलेलं आणि वाकडं वाढलेलं

पहिली लाकडी आकडी मी सागाच्या फळीतून कापली, दिसायला देखणी. तिसऱ्या दिवशी ती वळशावर कडकन तुटली. नशीब, आईच्या हातात नव्हती, मीच जोर लावून बघत होतो. तुकडे घेऊन सुतारमामांकडं गेलो. त्यांनी तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही लाकूड वाकडं कापलंत. ते वाकडं वाढलेलं नव्हतं."

लाकडाचे तंतू झाड वाढतं त्या दिशेनं जातात. तंतूंच्या लांबीनं लाकूड बळकट असतं, आडवं ते सहज फाटतं. सरळ फळीतून वळसा कापला की वळशाच्या मध्यावर तंतू आडवे येतात, आणि आकडीवर वाकवणारा ताण सगळ्यात जास्त नेमका तिथंच असतो. जुने सुतार नांगरासाठी नैसर्गिक बाक असलेलं लाकूड हेरून ठेवायचे ते यासाठीच. मामांनी धुऱ्यावरच्या बाभळीची बाक असलेली फांदी दाखवली. तिच्यात तंतू वळशाबरोबर वळलेले. दोन्ही टोकांना मेण लावून ती सावलीत वाळवली, कारण टोकं आधी वाळली की चिरतात. इंच जाडीला वर्ष हा सुतारांचा हिशोब आहे, आणि मी घाई केली नाही.

जाडीबद्दलचं गणित मुलांना शिकवताना मी आता हीच आकडी समोर ठेवतो. गोल दांड्याची मजबुती व्यासाच्या घनानं वाढते आणि ताठपणा चौथ्या घातानं. 20 मिमीचा दांडा 25 चा केला तर वजन दीडपटीच्या जरा वर जातं, पण मजबुती जवळजवळ दुप्पट होते आणि ताठपणा जवळपास अडीचपट. मुठीची जागा 35 मिमी, थोडी लंबगोल, म्हणजे ती हातात गरगर फिरत नाही. बोटांसाठी खाचा केल्या नाहीत. माझ्या बोटांच्या खाचा आईच्या बोटांना कुठून बसणार?

विद्यार्थी विचारतात, थ्रीडी प्रिंटरवर का नाही? नमुना बघायला जरूर काढा. पण त्यात सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात परभणीत बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली वस्तू त्याच्याही पुढं तापते. शिवाय थरावर थर रचलेली वस्तू थरांमध्येच सुटते, म्हणजे आडव्या तंतूंचीच गोष्ट पुन्हा. पीव्हीसी पाइप आत वाळू भरून, तापवून सुंदर वाकतो, आणि स्वस्तात पहिली आकडी करून बघायची असेल तर तो चालेल. उन्हात मात्र ठेवू नका.

वार्निश लावलं नाही, घामानं ते चिकटतं. कच्चं जवसाचं तेल कपड्यानं पातळ लावून पुसून घेतलं, तीन वेळा, प्रत्येक वेळी मधे चांगलं वाळू देऊन. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लाकडातच मुरतं. शेंगदाण्याचं तेल तसं वाळत नाही, खवट होऊन चिकट राहतं. मात्र जवसाच्या तेलाचा फडका बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

जिथं आकडी न्यायची नाही

हे सगळं करताना आमच्या गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मदत केली, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आईच्या अंगावर खडूनं खुणा करून दाखवलं की कुठं कधीच दाबायचं नाही. गळ्याची पुढची आणि बाजूची बाजू, जिथं नाडी लागते. काख. कोपराची आतली घडी. गुडघ्यामागची खळगी. जांघ. पाठीच्या कण्याचे मणके, आणि बरगड्या संपतात त्याखाली कमरेच्या दोन्ही बाजू, कारण तिथं मूत्रपिंडं आहेत.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, पोटात बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी पायावर कुठलंच हत्यार लावू नये, किती दुखतंय हेच त्यांना कळत नाही. एकाच पिंढरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळायची नाही. डावा खांदा, जबडा, हात दुखतोय आणि बरोबर दरदरून घाम, छातीत दडपण, धाप असेल तर गाठ शोधत बसू नका, गाडी काढा. हातापायात बळ कमी झालं, मुंग्या येऊन राहिल्या, लघवीवरचा ताबा गेला, तरीही तेच. आणि कातडीखाली बोटानं हलणारा किंवा वाढत जाणारा गोळा असेल तर ती ही गाठ नव्हे, डॉक्टरांना दाखवा.

आई आता रात्री भांडी झाली की पाटावर बसते, आकडी खांद्यावर टाकते, मनगट खुंटीवर सोडते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते. एका जागी मिनिटभर, एका खांद्यावर तीन जागा, त्याहून जास्त नाही, आणि एक दिवसाआड. कानशिल कधी कधी अजूनही ठणकतं, वेचणीच्या दिवसांत तर हमखास, पण बामाची डबी आता बरेच दिवस पुरते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आकडी मागून घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाबू, चांगली हाय, पण मला मोठी व्हायलीय, टोक पार खाली उतरतंय." त्या आईपेक्षा वीतभर बुटक्या, खांदे अरुंद. मी माळ्यावरून ती 6 एमएमची सळई काढली, टोकाच्या चिंध्या नव्या बांधल्या आणि त्यांना पाटावर बसायला सांगितलं. त्यांचं अंतर 18 सेंमी निघालं. मामांकडं त्या बाकाची फांदी आहे का, ते रविवारी बघायला जातोय.